दुसरा खडा

"अगं, जरा भरपूर भर की. डॉक्टर चमचाभर घेऊन काय करंल?" न्हाणीच्या कुडाबाहेर उभा राहून गुंडप्पा म्हणाला.

"शिवशिवा! हळू बोला. शेजारी कमलबाई हाय," आतून इरम्मा हसू दाबत म्हणाली. "म्हातारपणी काय काय करायला लावता हो तुमी."

खोकल्याच्या औषधाची ती जुनी बाटली. इरम्मानं उकळत्या पाण्यानं धुऊन घेतली होती. गुंडप्पानं ती टॉवेलात गुंडाळून काखेत मारली. बाटलीत लघवी इरम्माची होती आणि नळदुर्गच्या सरकारी दवाखान्यात ती गुंडप्पाची म्हणून द्यायची होती. अंगावर लिंग धारण करणारा माणूस, खोटं बोलायला निघाला होता, आणि बायकोला त्यात सामील करून घेतलं होतं.

पण गुंडप्पाचा इलाज नव्हता. उभा जन्म त्यानं गुळव्या म्हणून काढला. काहिलीतला रस कधी उतरायचा हे ठरवणारा माणूस तो. रसाचा थेंब पाण्यात टाकायचा, बोटानं गोळी करायची, दाताखाली धरायची आणि म्हणायचं, "उचला." मागल्या हंगामात चुलवाणातल्या निखाऱ्यानं पाय भाजला आणि जखम पार उन्हाळा सरेपर्यंत भरली नाही. तेव्हा डॉक्टरांनी लघवी तपासली. निळं औषध काचेच्या नळीत घेतलं, त्यात थेंब टाकले आणि दिव्यावर उकळलं. साखर नसली तर निळं राहतं, थोडी असली तर हिरवं, मग पिवळं, आणि अंगात मुरलेली असली तर विटकरी. गुंडप्पाचं विटकरी झालं.

गोड बंद झालं, त्याचं त्याला काही वाटलं नाही. गुऱ्हाळ बंद झालं, तिथं तो मोडला. डॉक्टरांचा होकार आल्याशिवाय गुऱ्हाळाच्या मांडवात पाय ठेवायचा नाही, असं ऊसवाल्या हिंमतरावांनी बजावलं होतं. माणूस भला होता, म्हणूनच ऐकत नव्हता. मार्गशीर्ष लागला, बोरी नदीकाठचं एकेक गुऱ्हाळ पेटू लागलं. वाऱ्यावर रसाचा वास आला की गुंडप्पा हातातली भाकरी तशीच धरून बसायचा.

त्यानं पथ्य पाळलं होतं, अगदी सणाची गोड हुग्गीसुद्धा शिवली नव्हती. तरी न्हाणीत लघवीच्या जागी मुंग्या लागायच्या. इरम्मा रोज राख टाकायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा रांग हजर. आपली बाटली पुन्हा विटकरीच होणार, हे त्यानं मुंग्यांवरून ओळखलं. इरम्माचं तसं नव्हतं. ती जन्मात दवाखान्याची पायरी चढली नव्हती.

आणि तिचाही जीव गुऱ्हाळात होताच. हंगामाचा पहिला खडा अणदूरच्या खंडोबाला आणि दुसरा इरम्माला, ही लग्नापासूनची रीत. पळसाच्या पानात गरम गरम आणायचा, तिनं उंबऱ्यात बसून खायचा. सोन्याचा डाग त्यानं कधी घातला नाही, पण हा खडा कधी चुकवला नाही.

"खड्यासाठी तरी होकार आणा," निरोप देताना ती म्हणाली आणि तांब्याला तोंड लावून घटाघटा पाणी प्याली.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी पाय पाहिला. हैदराबादकडचा तरुण माणूस, मराठी जपून बोलायचा. "पाय छान भरला, गुंडप्पा. शाबास."

मग नळी दिव्यावर धरली. गुंडप्पा निवांत बसला होता. निळं ते निळंच राहणार. रस हिरवट झाला तेव्हा तो पुढे सरकला. पिवळा झाला तेव्हा उठून उभा राहिला. आणि बघता बघता नळीत विटेचा गाळ साचला.

"औषध शिळं झालं आसंल, साहेब."

डॉक्टरांनी दुसऱ्या नळीत तेच औषध साध्या पाण्याबरोबर उकळून दाखवलं. निळंच राहिलं.

"औषध ठीक आहे. मागच्यापेक्षा जास्त साखर दिसते. तहान फार लागते का?"

"न्हाय," गुंडप्पा म्हणाला आणि त्याला इरम्माच्या उशाचा तांब्या आठवला. रात्री भरून ठेवलेला, सकाळी रिकामा.

"रात्री सारखं उठता?"

कडी वाजायची. तो कूस बदलून झोपायचा.

"अंग उतरलं?"

इरम्माच्या बांगड्या पूर्वी मनगटातून हलायच्या नाहीत. आता भाकरी थापताना कोपरापर्यंत जात. 'नवरीसारखी बारीक झालीस की,' म्हणून त्यानंच चिडवलं होतं. गुंडप्पाला बसवेना. आपल्या पायाला रोज तेल चोळणाऱ्या बाईकडं आपण एकदाही धड पाहिलं नाही, याची त्याला लाज वाटली आणि भीती त्याहून जास्त वाटली.

"साहेब, ही बाटली माझी न्हाय. आमच्या घरच्यांची हाय."

डॉक्टर रागावले, पण थोडाच वेळ. दुसरी बाटली देऊन त्यांनी गुंडप्पाला दवाखान्याच्या मागं पाठवलं आणि त्याची लघवी उकळली. ती हिरवी होऊन थांबली.

"तुमचं सुधारतंय. पथ्य पाळलं ना?"

"मंग मुंग्या?" गुंडप्पाच्या तोंडून निघालं. डॉक्टरांना काही कळलं नाही. इतके महिने त्यानं त्या मुंग्या स्वतःच्या नावावर घेतल्या होत्या.

"एका बाटलीवर मी निकाल देत नाही," डॉक्टर म्हणाले. "उद्या त्यांना घेऊन या, उपाशीपोटी. लघवीत दिसते ती सांडलेली साखर. रक्तात किती आहे, ते सोलापूरला तपासावं लागेल."

"काहील उतू जाती तवा भुईवर सांडतं, तसं?"

"तसंच. तुम्ही गुऱ्हाळावर जा, पण पायात जोडा घालून. आणि बोट तोंडात नको."

एवढे दिवस ज्या होकारासाठी तो झुरला, तो असा मिळाला.

इरम्मा उंबऱ्यातच होती. "निळं आलं का?"

"मला होकार मिळाला," तो म्हणाला आणि तिच्याजवळ बसला. "पर बाटली लाल झाली, इरे. तुझी."

तिनं पदर तोंडाशी नेला. न्हाणीकडं बघत म्हणाली, "मंग त्या मुंग्या माज्या व्हत्या म्हणा की."

नळदुर्ग निजामाचं, सोलापूर म्हणजे इंग्रजांची हद्द. करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका ओलांडून ती दोघं जाऊन आली. रक्तानंही तेच सांगितलं.

हिंमतरावांची पहिली काहील उतरली त्या दिवशी गुंडप्पा जोडा घालून मांडवात उभा होता. गोळी दुसऱ्यानं दाताखाली धरली, "उचला" मात्र त्यानंच म्हटलं. पहिला खडा खंडोबासाठी बाजूला काढला. दुसऱ्यापाशी त्याचा हात थांबला. मग सवयीनं त्यानं पळसाचं पान घेतलंच.

इरम्मानं पुडी दोन्ही हातांत घेतली, पण उघडली नाही. नाकाशी नेली, मग गालाला लावली. "लई गरम हाय," ती म्हणाली. निवेपर्यंत तिनं ती ओंजळीत धरून ठेवली आणि मग कुडावरून हाक मारली, "कमलबाई, घ्या. पयल्या काहिलीचा हाय."

हात धुऊन ती उंबऱ्यात येऊन बसली. गुंडप्पा उठला आणि तिच्यासाठी तांब्या भरून घेऊन आला.