बाळांची रांग

शनिवारी दुपारी गवत कापायच्या गाडीची पाती पुन्हा थांबली, तेव्हा मी तिला एक लाथ घातली. लागलं मलाच. इंजिन धडधडत होतं, चाकं फिरत होती, फक्त पाती मेलेली, आणि सीटखालून जळका वास येत होता. तो वास मी चांगला ओळखते. गेल्या वर्षी पात्यांचा एक क्लच याच वासाने गेला, थंडी सरताच दुसरा गेला. हा तिसरा होता, आणि सुट्ट्यांमुळे दुकान मंगळवारपर्यंत बंद.

दुसऱ्या दिवशी आमच्या पिजन फोर्कच्या दफनभूमीत फुलांचा रविवार होता. मे महिन्यातल्या त्या रविवारी दरी सोडून गेलेली माणसं पार ओहायो-मिशिगनहून परत येतात, आपापल्या थडग्यांवर फुलं ठेवतात आणि मग झाडांखालच्या लांब टेबलांवर एकत्र जेवतात. त्याआधी गवत कापून ठेवणं हे माझं काम. माझ्याआधी ते आईचं होतं. यंदा पावसाने असा काही वैताग आणला होता की गवत गुडघ्याच्या वर गेलं होतं.

रविवारपर्यंत वेळ असता तरी मी कसंबसं निभावलं असतं. पण माझ्या धाकट्या बहिणीचा, ज्युएलचा फोन येऊन गेला होता.

"नेल्डा, उद्याचं काही खरं नाही. आईला रात्रभर धाप लागत होती. डॉक्टर म्हणाले, न्यायचं तर आजच न्या. मी तिला घेऊन निघतेय."

"आज? अगं, इथे गवत बघ किती..."

"चाकाची खुर्ची जाईल एवढी वाट असली तर उतरवीन. नसली तर गाडीतूनच दाखवीन आणि मागे फिरेन. सापांच्या गवतातून मी तिला ढकलत नेणार नाही."

"गाडीतून काय कपाळ दिसणार तिला? पुस्तकाएवढा दगड आहे तो!"

"मग काप ना गवत," असं म्हणून तिने फोन ठेवला. बाईसाहेबांना सांगायला काय जातंय!

तो दगड एव्हरेटचा. आमचा सगळ्यात मोठा भाऊ. आम्ही दोघी जन्मायच्या आधी आला आणि जेमतेम आठवडाभर राहिला. टेकडीच्या उतारावर, अगदी वर, देवदाराखाली बाळांची रांग आहे, तिथे तो आहे. दर वर्षी त्या रविवारी आई त्या दगडाशेजारी गवतात बसायची, जेवायच्या हाका येईपर्यंत. पुढच्या वर्षी ती नसेल, हे आम्हाला कळत होतं आणि तिला आमच्या आधी कळलं होतं. आज ती वरपर्यंत पोचली नाही तर कधीच पोचणार नव्हती. दुसरं काहीही मला दिसत नव्हतं.

मी गाडी तशीच उताराने खाली फाटकापाशी आणली, आणि टेकडीच्या पायथ्याशी राहणारा माझा चुलतभाऊ डॉयल हत्यारांची पेटी घेऊन आला. मी थकले की गवत तोच कापतो. त्याने गवत छाटायचं, फिरत्या दोरीचं हातयंत्रही आणलं होतं, पण त्या ओल्या गवतात दोरी पटापट तुटत होती. त्याने गाडीपाशी वाकून वास घेतला आणि सरळ पाण्याची बाटली उघडली.

"अरे ए, काय करतोस?"

"गार करतो."

"तापलेल्या लोखंडावर गार पाणी! तुझ्या बायकोच्या काचेच्या भांड्याचं काय झालं होतं, विसरलास?"

"त्याची आठवण तू दर नाताळात करून देतेस," डॉयल म्हणाला, आणि ते पाणी स्वतःच प्यायला.

तसं त्या क्लचमध्ये फार अक्कल लागत नाही. इंजिनाखाली एक पुली, तिच्यात तारेचं वेटोळं. सीटजवळची पिवळी खुंटी ओढली की वीज जाते, वेटोळ्याचं चुंबक होतं आणि ते एक चकती खेचून घट्ट धरतं. मग पट्टा फिरतो, पाती फिरतात. पकड ढिली पडली की चकती घसरते, घासते आणि तापून लाल होते. प्रश्न एवढाच, की पकड ढिली का पडतेय.

आम्ही पात्यांवरचं झाकण उचलून खाली साचलेला गवताचा लगदा खरवडून काढला. पाती हाताने फिरवून पाहिली, बेअरिंग कुठे अडकत नव्हतं. पट्टा नीट होता. रेस पूर्ण देऊन वीज मोजायचा मीटर लावला, क्लचपर्यंत वीज भरपूर येत होती. चकतीच्या फटीत मापाची पातळ पट्टी घालून पाहिली, फट सगळीकडून सारखी होती. मग डॉयल आडवा होऊन गाडीखाली शिरला आणि गप्प झाला. डॉयल गप्प झाला म्हणजे काहीतरी पाप केलेलं असतं.

"काय आहे रे?"

"काही नाही. ती पट्टी..."

क्लच स्वतःच गरगरू नये म्हणून त्याला एक पत्र्याची पट्टी अडकवलेली असते. ती जराशी ढिलीच हवी, क्लचला हलायला जागा लागते. या शहाण्याने ती तारेने करकचून बांधून ठेवली होती.

"खडखडायची ती," तो खालूनच म्हणाला.

"तुझं तोंडही खडखडतं. त्यालाही बांधू का तार?"

तार कापली. मला इतका आनंद झाला की मी डॉयलच्या टकलाचा मुका घेतला. क्लच निवू दिला, बसले, रेस पूर्ण दिली, खुंटी ओढली. पाती अशी फिरली की बस्स! फाटकापासून वर चढत मी खुर्चीपुरती रुंद वाट कापत गेले. जुन्या सैनिकांची थडगी गेली, आजोबांचं गेलं. देवदारापाशी पोचले, बाळांच्या रांगेकडे वळले, आणि पहिल्या दगडाशी पोचते न पोचते तोच तो वास आला. पाती मंदावली. थांबली.

मी गाडीवरून उतरले आणि गवतात बसून रडले. लाज वाटायचं वय उलटून गेलंय माझं. एव्हरेटचा दगड हाकेच्या अंतरावर होता आणि मध्ये ते हिरवं मेलं गवत. हातांनी उपटायला लागले. बोटं कापली, तरी उपटत राहिले.

"नेल्डा, थांब," डॉयल वर येत म्हणाला. "हाताने किती उपटशील?"

"मग काय करू? ती वाटेत असेल आता!"

तो माझ्याकडे बघत नव्हता. तो रांगेकडे बघत होता. "मघाशी पाती कुठे थांबली होती?"

"इथेच. वरून सुरुवात केली होती ना मी."

"आणि आधीचे दोन क्लच?"

मी नाक पुसलं. पहिला इथेच गेला होता. दुसरा डॉयलच्या हातून गेला होता, तोही इथेच.

"बाळांना पसंत नसेल ही गाडी," असं म्हणून तो हसायला गेला, पण हसला नाही. त्याने मीटर काढून क्लचच्या वायरींना लावला. "खाली बघितलं तेव्हा वीज भरपूर होती. आता खुंटी ओढ."

मी ओढली. मीटरवरचा आकडा घसरत गेला. बॅटरी जुनी, इंजिन हळू फिरतंय, वीज बनते आहे चिमूटभर आणि चुंबक मागतंय मूठभर.

"इंजिन एवढं हळू का चाललंय?" डॉयलने विचारलं.

आम्ही दोघांनी एकदमच रेसच्या दांड्याकडे पाहिलं. दांडा पार खाली होता. मी केला होता, आणि केल्याचं मला आठवतही नव्हतं.

आमच्या दरीत बाळांच्या रांगेत कुणी मोठ्याने इंजिन चालवत नाही. ही आईची शिस्त. मी लहान असताना तिच्या मांडीवर बसून गवत कापायला यायचे, आणि देवदार आला की ती रेस उतरवायची. "हळू," म्हणायची, "बाळं झोपलीत." तिच्याकडून ते सगळ्यांनी उचललं. जुन्या गाडीत पात्यांचा पट्टा नुसत्या दांड्याने आवळायचा, विजेचा काही संबंध नव्हता, हळू चालवली तरी चालायची. ही नवी आली आणि आमचे हात मात्र जुनेच राहिले. त्या मायेनेच आम्ही क्लच जाळत होतो.

"म्हणजे रेस पूर्ण देऊन कापायचं," मी म्हणाले. "तू बस डॉयल."

डॉयलने टोपी काढली. "माझी बहीण आहे या रांगेत. मला नको सांगूस."

तेवढ्यात खाली फाटकाशी ज्युएलची गाडी येऊन थांबली. काच उघडी होती, आणि आत आईचं पांढरं डोकं दिसत होतं. तिचं हृदय थकलंय, पाय गेलेत, पण कान अजून शाबूत आहेत.

"झालं का गं?" ज्युएल खालून ओरडली. "तिला दम लागतोय!"

मी क्लचजवळ हात नेला. अजून गरमच होता. बिघडला तर दुसरा नव्हता, आणि थांबायला वेळ नव्हता. मी सीटवर बसले. "माफ करा रे पोरांनो," असं मोठ्याने म्हणाले, रेस वरपर्यंत ढकलली आणि खुंटी ओढली.

त्या शांत रांगेत असा आवाज कधीच झाला नव्हता. माझे दात थडथडत होते. आई ऐकतेय, आई ऐकतेय, एवढंच डोक्यात चाललं होतं. नाक वासावर होतं. वास आला नाही. पाती फिरत राहिली, गवत बाजूला उडत राहिलं, आणि एकेक लहान दगड उघडा पडत गेला. एव्हरेटचा दगड दिसला तेव्हा मी गाडी बंद केली आणि मान खाली घालून उभी राहिले.

ज्युएल आणि डॉयलने खुर्ची ढकलत वर आणली. ज्युएलचा चेहरा रागाने लालबुंद झाला होता. "आईसमोर? याच रांगेत? लाज नाही वाटली तुला?"

"आई, क्लच तापत होता गं," मी म्हणाले. "हळू चालवली की बंदच पडते. दुसरा इलाजच नव्हता."

 आई वाकली, डॉयलने तिला धरलं, आणि तिने दगडावर हात ठेवला.  मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"बंद का केलीस?"

"आई?"

"तान्ह्या असताना तुम्ही दोघींनी रडून रडून घर डोक्यावर घेतलं होतं," आई धापा टाकत म्हणाली. "याला एकदाही मोठ्याने रडता आलं नाही. एवढीशी छाती, मांजरासारखा आवाज यायचा नुसता. मी इतकी वर्षं सगळ्यांना गप्प केलं." तिने हात दगडावरून काढला नाही. "होऊ दे गं याच्या नावाने थोडा आवाज."

मी परत गाडीवर बसले, आणि रेस पूर्ण दिली.