बाईसाहेबांची शेगडी

मी कातळगडाचा नगारा बोलतोय. आता खाली गावात, वाघजाईच्या देवळात असतो. अंग तांब्याचं, तोंडावर म्हशीचं कातडं आणि स्वभाव जरा बढाईखोर. पोटात काही नसताना एवढा आवाज करायचा म्हणजे तेवढं हवंच.

गडावर दिवसातून तीनदा नौबत झडे. पहाटे, दुपारी आणि दिवेलागणीला. वाजवणारा भिवजी घडशी. हात पक्का, पण पहाटे त्याचा डोळा लागायचा, आणि मग राणी केसराबाईसाहेब त्याला सोडत नसत.

"भिवजी, आज नौबत तू वाजवलीस की उंदरानं?"

"उंदरानंच, बाईसाहेब. तयार करतोय त्याला."

बाईसाहेब खळखळून हसत. मला ते हसणं फार आवडायचं.

मग बादशाही फौजेचा वेढा पडला. राजे दूरच्या मुलखात लढत होते, त्यामुळे गड बाईसाहेबच लढवत होत्या. वर माणसं उरली होती जेमतेम साठ. त्यात श्रावणाचं धुकं. माझं कातडं सैल पडलं, आवाज बसला. तिकडे बाईसाहेबही तापानं अंथरुणाला खिळल्या.

एके दिवशी त्यांनी आपल्या उशाजवळची शेगडी नगारखान्यात पाठवली. भिवजी ती घेऊन तसाच उलट पावली धावला. मी त्याच्या खांद्यावरच होतो, रसोड्याच्या चुलीवर शेकायला निघालेला.

"बाईसाहेब, हुडहुडी तुम्हांला भरलीय!"

"मी पांघरूण घेईन. त्याला शेक." त्यांना धाप लागली होती. "खालचे लोक नौबतीवरून आपला दम जोखतात रे. चार दिवसांत राजांची कुमक येईल. तोवर मी राहिले न राहिले, नौबत चुकवू नकोस. माझं सूतक नगाऱ्याला लावायचं नाही." भिवजीनं माझ्यावर हात ठेवून शब्द दिला.

दोन दिवसांनी, ऊन वर येता येता, बाईसाहेब गेल्या.

राजघरात कुणी गेलं की नगारा पालथा घालायचा, ही गडाची रीत. बातमी कानावर पडताच भिवजीनं मला पालथं घातलं आणि माझ्या पाठीवर डोकं टेकून तो रडू लागला. सात पिढ्यांची सवय ती, दिलेला शब्द त्याच्या ध्यानातच आला नाही. मलाही रडू येत होतं, पण पालथ्या नगाऱ्याला आवाज कुठला?

दुपार टळली. खालच्या मोर्चात आमच्याच मुलखातला एक शिपाई होता, बादशहाच्या चाकरीतला. आमची रीत त्याला ठाऊक. तो ओरडला, "ए घडशी! नगारा गप का? वर कुणी गेलं काय?"

त्याला सुगावा लागला असता, तर संध्याकाळच्या आत तटाला शिड्या लागल्या असत्या.

भिवजीची बायको सगुणा पदरानं डोळे पुसत तटाशी गेली. "गेलीय तुझी अक्कल! नगारा शेकतोय. दम धर की, मुडद्या!"

मग ती आत आली आणि तिनं एकटीनं मला सुलटं केलं. "अहो, बाईसाहेबांना काय कबूल केलं होतंत? उचला टिपऱ्या."

भिवजीनं मला त्याच शेगडीवर शेकलं. बाईसाहेबांना रसोड्यामागे अग्नी दिला होता, म्हणजे धूर चुलीचा वाटावा. तो धूर समोर दिसत होता आणि भिवजी मला वाजवत होता. त्याची आसवं माझ्या कातड्यावर पडत होती. मी मात्र इतका खणखणीत कधी वाजलो नव्हतो. दुःख होतं, आणि अभिमानही होता, खोटं कशाला बोलू?

त्या दुपारची उशिरा झाली तेवढीच, पण एकही नौबत चुकली नाही. तिसऱ्या दिवशी कुमक आली, वेढा उठला. त्याच संध्याकाळी भिवजीनं मला हलकेच पालथं घातलं. तेरा दिवस मी मुका होतो, पण शब्द पाळल्याचं समाधान होतं.

पुढे गड ओस पडला, मी देवळात आलो. कातडं कितीदा बदललं, आठवत नाही. आता आरतीला विजेवर चालणारं यंत्र आहे. ते कधी थकत नाही, बिचारं. माझा राग नाही. कोनाड्यात कबुतरांची सोबत आहे, बरं चाललंय.

फक्त बाईसाहेबांच्या तिथीला यंत्र बंद ठेवत जा, गाववाल्यांनो. मला वाजवा, पण आधी शेका. शेगडी माझ्याशेजारीच आहे. ती बाईसाहेबांनी मला दिली होती. परत न्यायला त्या आल्या नाहीत.