पान त्रेचाळीस

"लिही," कर्नलसाहेब म्हणाले, "आमच्या राखीव पायदळ पलटणीने चाळीस वर्षांत एकही लढाई हरलेली नाही."

हेडक्लार्कने लिहिलं. लढलेलीही नाही, हे मनातच ठेवलं.

महिनाअखेरीस पलटण मोडीत निघणार होती. त्याआधी इतिहास छापून हवा होता. पुरात वाळूची पोती वाहिली, संपात पाण्याच्या टाकीवर पहारा दिला, पाहुण्यांना सलाम ठोकले. एवढ्या भांडवलावर त्याने बेचाळीस पानं भरली होती.

"आणि ते अकरा जण, साहेब? आघाडीवर चाललेले. पुलावर ट्रक उडाला ते."

"ते आपले कुठे? नावं सकाळीच कमी झाली होती ना?"

झाली होती. त्यानेच केली होती. रीतच तशी होती: दुसऱ्या पलटणीत जाणारा माणूस फाटकाबाहेर पडला की पटावरून नाव खोडायचं, नाहीतर संध्याकाळी अकरा ताटं उगाच वाढली जातात. ट्रकची धूळ खाली बसायच्या आत त्याने पट्टी लावून सरळ रेघ मारली होती. पलीकडची पलटण माणूस पोचल्यावर नाव चढवायची. हे पोचलेच नाहीत. मेले तेव्हा कोणाचेच नव्हते.

"'जीवितहानी शून्य' असं टाक," साहेब म्हणाले. "शोभून दिसतं."

त्यातल्या एकाची आई सोळा वर्षं दर पावसाळ्याआधी येऊन कचेरीबाहेरच्या बाकावर बसायची. "भाऊ, माझा पोरगा कुठल्या पलटणीचा, तेवढं सांगा." हेडक्लार्क चहा मागवायचा आणि चौकशी चालू आहे म्हणायचा. चौकशी कधीच चालू नव्हती. चहा मात्र खरा असायचा.

छापखान्यात जाताना त्याने 'शून्य' खोडलं आणि एक पान वाढवलं. त्यावर फक्त अकरा नावं. मंजुरीच्या वेळी साहेबांनी आपला फोटो सरळ आलाय एवढं पाहिलं आणि सही केली.

म्हातारी आली तेव्हा कचेरीतली कपाटंसुद्धा गेली होती. हेडक्लार्कने खोक्यावर पुस्तक उघडून ठेवलं.

"सातवं नाव. आमच्याच पलटणीचा, आई. रेघ मी मारली होती."

तिने नावावर बोट ठेवलं. बराच वेळ उचललं नाही. मग पुस्तक हातात तोलून पाहिलं आणि परत दिलं.

"एवढं ओझं कुठे नेऊ, भाऊ? तेवढं एक पान फाडून द्या." त्याने पान चिमटीत धरलं. "पट्टी लावून फाडा हं. नाव तुटायला नको."