भिंगरीचं वजन

भिंगरीचा बाप बस डेपोत ब्रेक फिटर होता आणि तसा शहाणा माणूस होता, निदान मुलगी गाडीत बसेपर्यंत तरी. भंगारातल्या नळ्या जोडून त्याने तिला पहिली कार्ट, म्हणजे शर्यतीची बुटकी उघडी गाडी, करून दिली, तेव्हा तिचे पाय पेडलपर्यंत पोचत नव्हते. त्याने पेडलला लाकडाचे ठोकळे बांधले. पोरगी अशी सुटली, की तिच्या मागे लागलेल्या थोराड पोरांच्या तोंडाला फेस आला. गावातल्या शर्यती झाल्या, बाहेरगावच्या झाल्या. घरातलं कपाट चषकांनी भरलं आणि कपडे खुर्चीवर आले.

मग ती उंच झाली. या वयात मुली वाढतातच, त्यात तिचा काय गुन्हा? पण कार्टच्या शर्यतीला असली कौतुकं ठाऊक नसतात. चालक आणि गाडी मिळून ठरलेल्या वजनाच्या खाली जायचं नाही. कमी पडलं तर सीटला शिशाच्या पट्ट्या बोल्टने आवळायच्या. जास्त झालं तर मात्र इलाज नाही, वळणावरून हलकी पोरं पुढे निसटतात. मागचा अख्खा हंगाम भिंगरी अशीच मागे पडली. एकदा जेवताना बाप गमतीत म्हणाला, "आणखी एक घास, आणि ट्रकचं इंजिन बसवावं लागेल बघ." सगळे हसले. भिंगरीही हसली, आणि तिने ताट सरकवलं.

या हंगामात ती पुन्हा जिंकू लागली. तिची गालफडं बसली तेव्हा कुठे बापाच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने दम भरला, "आणखी वजन घटलं तर गाडीला हात लावू देणार नाही." तेव्हापासून दर शर्यतीच्या सकाळी तो तिला स्वतः काट्यावर उभी करायचा आणि त्या बेताने शिसं लावायचा.

आज शेवटची शर्यत. खऱ्या रेसिंग कारच्या संघाचा मॅनेजर कुंपणापाशी येऊन थांबला होता. जिंकणाऱ्याला तो आपल्या संघात घेणार होता. तिथे पोचायची दुसरी वाट बापाला माहीत नव्हती.

भिंगरी सगळ्यांच्या पुढे होती. शेवटच्या फेऱ्या चालू होत्या, तेवढ्यात तिची आई धापा टाकत आली. तिच्या हातात भिंगरीचं जाकीट होतं.

"हे बघा हो. रुमाल शोधायला गेले, तर खिशात हे निघालं."

नट आवळायच्या पान्याची सॉकेट होती ती. पोलादी, जाडजूड, दोन्ही खिशांत. सकाळी काट्यावर भिंगरी हेच जाकीट घालून उभी राहिली होती. थंडी वाजते म्हणाली होती, आणि बापाने विश्वास ठेवला होता.

"मघाशी घटाघटा पाणी प्यायली आणि सगळं ओकली," आई म्हणाली. "मला वाटलं, धाकधूक असेल. काय हो, ही नीट जेवलीय कधी शेवटची?"

म्हणजे त्या सॉकेटच्या वजनाइतकं शिसं आज बापाने कमी लावलं होतं. सॉकेटचं वजन पाण्याने भरून काढायचं, असा त्या वेड्या पोरीचा बेत असणार. तो नेहमी थोडं शिसं जास्तच लावायचा, पण तेवढ्याने भागणार नव्हतं. शर्यत संपली की लगेच काटा. कमी भरली की बाद. जिंकूनही बाद!

तो शेवटच्या वळणाकडे धावत सुटला. तो पोचेपर्यंत झेंडा पडला होता. भिंगरी जिंकली होती आणि गाडी हळू करत शेवटची मोकळी फेरी मारत होती. बाप कुंपणाबाहेर गुडघ्यांवर बसला. ट्रॅकच्या कडेकडे बोट दाखवून तो दोन्ही हातांनी माती ओरबाडल्यासारखं करू लागला. त्या कडेला टायरांचा झिजलेला रबर पडलेला असतो, आणि तापलेल्या चाकांना तो ओल्या पायांना वाळू चिकटावी तसा चिकटतो आणि गाडीचं वजन वाढवतो. घरी ती चाकं खरवडताना तो रबराला शिव्या घालायचा. भिंगरीने त्याच्याकडे पाहिलं, क्षणभर गोंधळली, आणि गाडी कडेला घातली. आनंदाने येडी झाली पोरगी, म्हणून लोक हसले.

गाडीसकट ती काट्यावर चढली तेव्हा बापाने डोळे मिटून घेतले. आजपर्यंत कशासाठी केला नव्हता एवढा धावा त्याने त्या काळ्या चिकट रबरासाठी केला.

"बरोबर," वजनवाला म्हणाला. "अगदी जेमतेम हं."

बाप सगळ्यांदेखत रडला. आईने भिंगरीच्या हातात पाण्याची बाटली दिली. तिच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. तेवढ्यात मॅनेजर आला.

"पोरगी आता आमची. पुढच्या आठवड्यात पाठवा," तो म्हणाला, आणि तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळत हसला. "फक्त अंगाने अशीच राहा बरं का. आमच्याकडे वजनाचं फार बघतात."

भिंगरीने ओठांना लावलेली बाटली खाली घेतली आणि झाकण लावलं.

आई बापाकडे बघत राहिली. त्याला बोलायचं होतं, देवाशपथ बोलायचं होतं. त्याने मॅनेजरचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि म्हणाला, "मुळातच बारीक आहे हो ती. लहानपणापासून."