युएछिन, ऊठ

आजोबांनी किटलीतलं पाणी घमेल्यात ओतलं, त्यात बोटं बुडवली आणि मान हलवली.

"गार आहे. तिचे दात शिवशिवतात. अजून आण."

रुईवेनने स्वयंपाकघरातून आणखी गरम पाणी आणलं. आजीच्या फोटोसमोरच्या स्टुलावर घमेलं, नवा टॉवेल आणि दात घासायचा ब्रश ठेवून झालं. शेजारी भाताची वाटी, माशाचं सार आणि सुकवलेल्या मुळ्याचं ऑम्लेट. आजोबांनी उदबत्ती लावली आणि नेहमीच्या आवाजात हाक मारली, "युएछिन, ऊठ. तोंड धू. भात निवतोय."

मादोउ गावात अंत्यविधी होईपर्यंत गेलेल्या माणसाला असंच सकाळ-संध्याकाळ उठवायचं, तोंड धुवायला पाणी द्यायचं, जेवू घालायचं. हे सुनेचं काम. रुईवेनची आई पूर्वीच गेलेली, म्हणून लीच्यु आत्या करणार होती. पण दुसऱ्याच दिवशी आजोबांनी तिच्या हातातून घमेलं काढून घेतलं. दाराबाहेर मंडपात, विधीत जाळायची सोनेरी कागदाची कमळं दुमडत बसलेल्या बायका हे पाहून पार विरघळल्या.

"नशीब काढलंन बाई युएछिनताईंनी," चिनझी मावशी म्हणाली. ती शेजारीण. "आमचे हे? मी धडधडीत जिवंत आहे तरी पाणी विचारत नाहीत."

"तू आधी मरून तर बघ," कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्या हसल्या.

"लवकर आवर," आजोबा आतल्या दाराकडे पाहत म्हणाले. "साडेआठला ग्रंथालय उघडायचंय. पोरं पायरीवर येऊन बसली असतील."

गावच्या ग्रंथालयातून आजी निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली होती. बायका रुमाल शोधू लागल्या. आत्या हमसून रडली. रुईवेनचा हात मात्र किटलीवरच राहिला. तैपेईत ती औषधाच्या दुकानात काम करत होती, आणि दुकानात येणाऱ्या म्हाताऱ्यांचं असं बोलणं तिने बरंच ऐकलेलं होतं. आजोबा फोटोकडे बघत नव्हते. ते झोपायच्या खोलीच्या दाराकडे बघत होते, आणि वाट बघत होते.

मग कमळं दुमडता दुमडता आजीच्या गोष्टी निघाल्या. वादळाच्या पुरात तिने पुस्तकं पाठीवरून देवळाच्या माडीवर नेली. पुस्तक उशिरा आणणाऱ्या पोराकडून दंड घ्यायची नाही, समोर उभं करून एक पान मोठ्याने वाचून घ्यायची. चिनझी मावशी अडखळत वाचायची, म्हणून मुद्दाम उशीर करायची. आणि लष्करी कायद्याच्या त्या वाईट दिवसांत दोन सरकारी माणसं येऊन विचारू लागली, की गावातला मास्तर काय वाचायला नेतो. तेव्हा आजीने त्यांना चहा दिला आणि सांगितलं, माझं डोकं फार विसराळू आहे हो, काही म्हणजे काही आठवत नाही.

"कुणाचं काही सांगायची नाही," मावशी म्हणाली. "मेली तरी नाही सांगणार अशी बाई."

"पण ओळख काय करून द्यायची!" आत्या डोळे पुसत हसली. "आपल्याच घरात आपली दवंडी. 'लीच्यु आलीये हो, धाकटी, ताइचुंगची, अकराव्या मजल्यावर राहते, नवरा टॅक्सीला पैसे देत नाही ती!'"

"पुस्तकाचं नाव, लेखक, कपाट," रुईवेनचे बाबा म्हणाले. "सगळं वाचून दाखवल्याशिवाय तिला चैन नव्हतं."

आजीची ही खोड घरात थट्टेचा विषय होती. फाटक वाजलं की ती आतूनच ओरडायची, 'रुईवेन आली, थोरल्याची मुलगी, तैपेईची, औषधाच्या दुकानातली.' रुईवेनही कितीदा हसली होती. आता कागदाचं कमळ हातात अर्धं राहिलं आणि तिला आठवलं, की आपल्या लहानपणी आजी असं काही करत नव्हती. हे अलीकडचं. अगदी अलीकडचं. आणि ती ओरडायची तेव्हा तोंड पाहुण्याकडे नसायचं. आजोबांकडे असायचं.

काल बाबा फाटकातून आले तेव्हा आजोबांनी त्यांना पाहुण्यांसाठी ठेवलेली सिगारेट पुढे केली होती. बाबांनी आयुष्यात सिगारेट ओढलेली नाही. सगळ्यांना वाटलं, म्हातारा दुःखातही थट्टा करतोय.

ती उठून आत गेली. स्वयंपाकघराचं दार लावलेलं होतं. तिने ढकललं. आजोबा ओट्याला टेकून उभे होते, हातात रिकामं पातेलं.

"बरं झालं आलीस," ते हळूच म्हणाले. "दार लाव. मला एक सांग पोरी, बाहेर मंडप कसला? कोण गेलं?"

खोटं बोलता आलं असतं. पण रुईवेनला सुचलंच नाही.

"आजी गेली, आजोबा. झोपेतच. तुम्हीच तर बाबांना फोन केलात."

ते स्टुलावर बसले. खांद्यावरचा टॉवेल तोंडावर दाबून, आवाज न करता रडले. आत्ताच बातमी कळलेला माणूस जसा रडतो तसे. ही बातमी त्यांना किती वेळा कळली असेल, आणि अजून किती वेळा कळायची आहे, असं रुईवेनच्या मनात आलं. तिने त्यांचा हात धरला.

मग त्यांनी टॉवेल काढला. डोळे लाल होते, पण नजर स्वच्छ. त्या स्वच्छ नजरेची तिला जास्त भीती वाटली.

"तुला कळलंय," ते म्हणाले.

"हो."

"तिलाच फक्त ठाऊक होतं. मी शब्द घेतला होता तिच्याकडून. तू कुणाला बोलू नकोस."

"आजोबा, पण..."

"लीच्यु मला तिच्या त्या अकराव्या मजल्यावर नेऊन ठेवील. तिथे मला माझी मोरीसुद्धा सापडायची नाही. इथे मी साखर कारखान्यातून अंधारात घरी यायचो, तरी दिव्याची गरज लागायची नाही. हो म्हण."

"हो," रुईवेन म्हणाली.

तेव्हा तिला गॅसचा वास आला. शेगडीचं बटण पूर्ण फिरवलेलं होतं आणि जाळ नव्हता. बारीक सूं असा आवाज मघापासून चालू होता, आणि तिला तो बाहेरच्या पंख्याचा वाटला होता. तिने झडप घालून बटण बंद केलं, खिडकी उघडली, मागचं दार उघडलं. पुढच्या भिंतीपलीकडे मंडपात बायका बसल्या होत्या, आणि त्यांच्या पुढ्यात उदबत्त्या.

"तिला कोमट पाणी हवं होतं," आजोबा म्हणाले.

दिवसभर ती शेगडीपाशीच घुटमळली. कुणी चहा करायला आलं तरी दचकायची. 'काय गं, भूत पाहिलंस का?' आत्याने विचारलं. भूत पाहिलं असतं तर परवडलं असतं. गावात भुतांसाठी उपाय होते.

संध्याकाळी आजोबांनी पुन्हा पाणी ठेवलं, जेवण वाढलं, हाक मारली. एक शब्द इकडचा तिकडे नाही. उदबत्ती अर्धी जळल्यावर आत्याने बशीतली दोन नाणी घेतली. एक छापा आणि एक काटा पडला की आजीचं जेवण झालं, असा तो कौल. नाणी तशीच पडली.

"जेवली," आत्या म्हणाली. बशी खाली ठेवायच्या ऐवजी ती भावाकडे वळली. "दादा, अप्पांचं काय करायचं ते आज ठरवू या. परवा विधी झाला की आपण सगळे जाणार."

"अप्पा इथेच राहतो म्हणतात," बाबा म्हणाले. "आणि आहेत की ठणठणीत. आईचं सगळं तेच करतायत. मला नाही एवढं जमत."

"माझंही मन तेच म्हणतंय. पण आईला विचारू या. तिचा हो असला म्हणजे उद्या जिवाला टोचणी नको."

मोठ्या गोष्टीला तीन कौल लागतात. आत्याने गुडघे टेकले. "आई, अप्पांना इथे एकटं राहू देऊ ना?" नाणी पडली. एक छापा, एक काटा. पुन्हा टाकली. पुन्हा तेच.

"बघ!" बाबांनी सुस्कारा सोडला. आत्याचा चेहरा उजळला. चिनझी मावशीने हात जोडले. फोटोतली आजी नेहमीसारखी ओठ मिटून हसत होती, आणि रुईवेनला आयुष्यात पहिल्यांदा तिची भीती वाटली. ही बाई मेल्यावरही कुणाचं सांगणार नव्हती. तिसरा कौलही तसाच पडला असता. मग सगळे आपापल्या वाटेला लागले असते, आणि या घरात आजोबा आणि शेगडी उरली असती.

"तिसरा मी लावते," ती म्हणाली.

आत्याने आश्चर्याने नाणी तिच्या हातात दिली. आजीची लाडकी नात, म्हणून कुणी अडवलं नाही. रुईवेनने गुडघे टेकले. घाम आलेल्या तळव्यांना नाणी चिकटत होती. आजोबांकडे बघायचा तिला धीर झाला नाही.

"आजी," ती म्हणाली. "तू शब्द दिला होतास म्हणून कुणाला सांगितलं नाहीस. मला नाही जमत गं. मी सांगू का?"

तिने नाणी सोडली. एक तिथेच पडलं. दुसरं घरंगळत फोटोच्या टेबलाच्या कापडाखाली गेलं, आणि आत्या ते बघायला वाकली.

"काय सांगायचंय?" बाबांनी विचारलं. "रुईवेन? काय सांगितलं नाही आईने?"

आता परत फिरायला वाट नव्हती. तिने मान वर केली. आजोबा तिच्याकडेच बघत होते. सकाळचा शब्द त्यांना आठवत होता की समोर बसलेली ही मुलगी कोण तेही उमगत नव्हतं, तिला कळेना. ते उठले. खुर्चीला धरून धरून तिच्यापर्यंत आले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"सांग त्यांना," ते म्हणाले. "मला एकट्याला फार भीती वाटते."