चपला घालून झोपणारी बाई

ज्या माणसाने माझी गोष्ट चोरली, त्यानेच मला गोष्ट लिहायला शिकवलं होतं. त्यामुळे त्याचा काटा कसा काढायचा हे विचारायला मला दुसऱ्या कुणाकडे जावं लागलं नाही.

आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. सवय मोडत नाही म्हणून अजूनही बोलताना 'ते' म्हणते. मनात म्हणत नाही. एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांचा पटकथेचा वर्ग भरायचा. खाली यंत्रं धडधडायची, वर सर. शिकवायचे मात्र झकास, हे कबूल करायलाच हवं. नायकाला काय हवंय, त्याच्या आड कोण येतंय आणि ते मिळालं नाही तर त्याचं काय बिघडणार, हे सांगता आलं नाही तर तुमच्याकडे गोष्टच नाही, नुसती माणसं इकडून तिकडे हिंडतायत, असं ते म्हणायचे. वर्गाचा एक कायदाही होता. कुणी आपलं पान वाचत असलं की इतर कुणीही मध्येच 'का?' असं विचारायचं. लिहिणाऱ्याने 'असंच' म्हटलं की सर उठायचे, त्याच्या हातातलं पान घ्यायचे आणि सगळ्यांदेखत फाडायचे. ज्याला 'का' माहीत नाही तो त्या पानाचा लेखक नाही, हे वर ऐकवायचे. माझीही काही पानं त्यात गेली. तेव्हा मला राग यायच्या ऐवजी कौतुक वाटलं होतं. इतकी मी बावळट.

माझी गोष्ट आईची होती. एक बाई रात्री दाराला कडी लावत नाही, इथून ती सुरू व्हायची. आमची कडी जाम होती. एकदा ती निघेना आणि तेवढ्यात बाबांनी आईला गाठून तिचा हात मोडला. तेव्हापासून आईने कडी लावणंच सोडलं, पळता यावं म्हणून. पण हे मी शेवटासाठी राखून ठेवलं होतं, कारण पोटातलं लगेच ओठावर आणू नये, हेही सरांनीच शिकवलेलं. अर्ध्या पटकथेपर्यंत नवरा पडद्यावर दिसतच नव्हता. तेवढीच पानं मी सरांना वाचायला दिली. त्यांनी ती चाळली आणि "कच्चं आहे, बाळ," म्हणून बाजूला ठेवली.

वर्षभराने सरांच्या नव्या चित्रपटाची बातमी पेपरात आली. परागंदा नवऱ्याची वाट पाहत जन्मभर दार उघडं ठेवणाऱ्या पत्नीची हृद्य कहाणी, असं छापलं होतं.

ती बातमी आईने माझ्याआधी वाचली. इस्त्री उभी करून ठेवली आणि पेपर माझ्यासमोर धरला.

"मी त्याची वाट बघत होते?" ती म्हणाली. "तो मेला तेव्हा मी पहिल्यांदा गाढ झोपले. आणि हे लोक मला त्याची वाट बघायला बसवणार?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गोष्ट चोरली ते एक वेळ गिळलं असतं. पण आईला त्या माणसाच्या विरहात झुरायला लावलं, हे मी मरेपर्यंत विसरणार नव्हते. चार लोकांत आईची ही बदनामी होऊ द्यायची नाही, एवढंच मला हवं होतं, आणि आड येत होते सर. म्हणजे त्यांच्याच हिशेबाने माझ्याकडे आता गोष्ट होती.

फोन त्यांनीच केला. निर्माता तयार होता, मोठी अभिनेत्री ऐकायला येणार होती, पण उत्तरार्ध काही केल्या उभा राहत नव्हता. तुला ते वातावरण माहीत आहे, जरा प्रसंग भरून दे, असं म्हणाले. नाव कुठे येणार नाही, हेही तितक्याच प्रेमाने सांगितलं. कोडगेपणाला काही सीमा! मी आवाजात साखर पेरली आणि हो म्हटलं.

सरांचा एक तोरा साऱ्या धंद्याला ठाऊक होता. निर्मात्यापुढे अख्खा चित्रपट वाचून दाखवायचा असतो, तेव्हा नवी पानं ते आधी वाचत नसत. पहिल्यांदा वाचताना जो ताजेपणा येतो तो पुन्हा येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी नवे प्रसंग त्याच सकाळी त्यांच्या फाइलमध्ये लावून दिले. त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त कारण कुठेही लिहिलं नव्हतं.

निर्मात्याच्या कचेरीत काचेचं लांब टेबल होतं. अभिनेत्री समोर बसली होती, फाइल घेऊन आलेली मी कोपऱ्यात. सर डोळे अर्धे मिटून, गळ्यात कंप आणून वाचू लागले. ती बाई चपला घालून झोपते. मुलीचे कपडे भरलेली पिशवी उशाशी ठेवते. निर्माता माना डोलवत होता. जिन्यावर पावलं वाजतात, तशी ती मुलीच्या तोंडावर हात दाबून धरते.

"थांबा," अभिनेत्री म्हणाली. "चपला का?"

तो आला की दाराशी धावता यावं म्हणून, सर म्हणाले. मग पिशवी का? तो दोघींना घेऊन जाईल या आशेने. इथवर त्यांनी बरं निभावलं.

"आणि मुलीच्या तोंडावर हात का? ज्याची वाट बघतेय तो आला, तर मुलीला गप्प का करते?"

सरांनी पानाकडे पाहिलं. मागचं पान उलटलं, पुढचं उलटलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"ते... भावनेच्या भरात," सर म्हणाले. "म्हणजे तसं काही... असंच."

मी उठले. त्यांच्या हातातलं पान घेतलं आणि सगळ्यांदेखत फाडलं. निर्मात्याचा चहाचा कप ओठांपाशीच राहिला. सरांना तेवढं बरोबर समजलं. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

अभिनेत्रीने माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्हाला माहीत आहे?"

"तो झोपलेल्यांना मारत नसे," मी म्हटलं. "म्हणून आवाज होऊ द्यायचा नाही. तरी तो मारायला उठलाच, तर चपला पायात, पिशवी हातात आणि दाराला कडी नाही. ती माझी आई आहे. आणि ती वाट बघत नव्हती."

मग मी उरलेला चित्रपट सांगितला, शेवटापर्यंत, कागद न घेता. सांगून झाल्यावर अभिनेत्री निर्मात्याला म्हणाली की हा केला तर करीन, तो दुसरा नाही, आणि लेखक म्हणून हिचंच नाव हवं. निर्मात्याने लगेच मान हलवली. मघाशी डोलवत होता, तीच मान.

बाहेरच्या बोळात सरांनी मला गाठलं. एवढं होतं तर एकांतात सांगायचं होतंस बाळ, म्हणाले. ज्या प्रसंगाची प्रेक्षक वाट बघतात तो पडद्याआड उरकायचा नसतो, असं तुम्हीच शिकवलंत, मी म्हटलं. दया आली का? नाही आली.

घरी आले तर आई इस्त्री करत होती. मी सगळं सांगितलं. चित्रपट होणार, नाव माझं लागणार, यावर ती नुसतं "हं" म्हणाली. मग बटण बंद करून खुर्चीत बसली, पायातल्या चपला काढून बाजूला सारल्या आणि पाय वर घेतले.

"तो 'असंच' म्हणाला, तिथपासून पुन्हा सांग," ती म्हणाली. "त्याचं तोंड कसं झालं होतं ते नीट सांग. घाई करू नकोस."