शिळं उत्तर

धाकटीचं काम ऐकलं की लोक जांभया देतात. ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल, म्हणजे ज्याच्या जिवावर सगळे प्रोग्रॅम चालतात तो गाभा. त्यातली जुनी फंक्शन्स, म्हणजे एकेक काम करणारे कोडचे तुकडे, काढून ती नवी बसवते. जुन्याला आधी विचारायचं, मेमरीतली ही जागा मोकळी आहे का? ते हो म्हणालं की दुसऱ्या फंक्शनने ती घ्यायची. दिसायला सरळ. पण दोन प्रोसेसरनी एकदमच विचारलं, की दोघांनाही हो मिळतं, दोघंही त्याच जागेवर हात मारतात आणि मशीन आडवं होतं. तेही क्वचित, तपासायला बसावं तर सगळं सुतासारखं सरळ! नव्या फंक्शनला विचारायचंच नाही. घ्यायला जायचं, मिळाली तर आपली, नाही तर परत फिरायचं.

हा कोड सांभाळणारे वयस्कर गृहस्थ, टीममधले काका, फोनवर हटूनच बसले. "माझं फंक्शन कधी खोटं बोललेलं नाही. वापरणाऱ्याला अक्कल नको?"

"खोटं नाही हो काका. खरंच असतं, पण वापरेपर्यंत शिळं होतं."

"शिळं म्हणे! भाकरी आहे का ती?"

वैतागून तिने लॅपटॉप मिटला आणि स्वयंपाकघरात आली. दादा ओट्याला टेकून उभा होता.

"वृद्धाश्रमात आईला खोली मिळतेय," तो म्हणाला. "सोमवारपासून."

आईला आज पुन्हा भोवळ आली होती. बीपीची गोळी दुप्पट पडतेय, असं डॉक्टरांनी मागेच सांगितलं होतं. पाकीटही वेळेआधी संपायचं.

"घेते आणि विसरते," दादा म्हणाला. त्याचा आवाज ओला होता. "सकाळी विचारलं, गोळी झाली का? नाही म्हणाली, म्हणून मी दिली."

"मलाही नाही म्हणाली. मीही दिली."

"बघ! आता काय राहिलं?"

धाकटी काही बोलणार होती, ती थबकली. "तू कधी विचारलंस?"

"तू दूध तापवत होतीस तेव्हा. मग पाणी आणायला गेलो."

"मी दूध ठेवायच्या आधीच विचारलं होतं, दादा. तेव्हाही झाली नव्हती. दोन्ही वेळा ती खरंच बोलली! विचारून आपण गेलो, आणि मग दोघांनीही दिली."

"मग दुसरी का घेतली तिने?"

आई दारात येऊन उभी होती, हे दोघांनाही कळलं नव्हतं. "मला वाटलं, ती कॅल्शियमची," आई म्हणाली. "डोळ्यांना कुठं नीट दिसतंय? तुम्ही हातावर ठेवाल ती घेते."

दादा मटकन खुर्चीत बसला. धाकटीने फडताळातून एक लहान वाटी काढली, तीत उद्याची गोळी टाकली आणि पाकीट उंच ठेवून दिलं. "रोज रात्री मीच एक टाकेन. यापुढं आईला विचारायचं नाही. वाटीत असली तर द्यायची. नसली तर गप आपल्या कामाला लागायचं."

आईने वाटीकडं पाहिलं, मग दोघांकडं.

"म्हणजे मी विसरत नव्हते?"

"नाही गं आई."

"मला वाटलं, माझंच डोकं गेलं," ती म्हणाली. "आता माझ्या खोलीत चला. पलंगाखाली बॅग भरून ठेवलीय, ती रिकामी करा."